नावामागचे चौकोन

४ मार्च, सोमवार

आज रुजू झाले. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, आणि तरीही मी धापा न टाकता वर पोचले. ह्या पराक्रमाची कुठेतरी नोंद हवी म्हणून ही नवी वही. खोलीला दोन मोठ्या खिडक्या आहेत. खाली रस्त्यापलीकडे चपलांचं दुकान आणि चाव्या करून देणाऱ्याची टपरी दिसते. दारावर पाटी आहे, ‘हरवलेल्या व्यक्तींची नोंद’. मी आधी पाटीवरची धूळ रुमालाने पुसली, मग आत गेले. माझ्या हातांना स्वच्छतेची खाज आहे. आई म्हणायची, ही कुणाकडे पाहुणी गेली तरी आधी त्यांचं कपाट लावून देईल.

खात्यात माझ्यासकट तीन माणसं. साहेब जाडजूड आणि गरीब स्वभावाचे, त्यांच्या खणात पेपरमिंटच्या गोळ्या असतात आणि बोलायला काही सुचलं नाही की ते एक गोळी पुढे करतात. दुसऱ्या फोनताई. पंचवीस वर्षं त्या फोनवर बसतात, दोन फोनांच्या मधल्या वेळात विणतात. माझ्या खुर्चीवर आधी मास्तर बसायचे. पूर्वी कधीतरी शाळेत शिकवत म्हणून मास्तर. ते जानेवारीत वारले. त्यांचा जुना कॉम्प्युटर तेव्हापासून बंद होता, त्यातलं टेबल मी आज नव्या मशीनवर घेऊन चालू केलं. टेबल म्हणजे एक लांबलचक यादी, सहा हजार दोनशे अकरा नावांची. जे घरातून बाहेर पडले आणि परत आले नाहीत, ते.

महिनाअखेर ही यादी नव्या सिस्टीममध्ये हलवायची, हे माझं काम. पण तिच्यात एक खोट आहे. साहेबांनी जानेवारीत यादी छापून पाहिली, तर बऱ्याच नावांच्या मागे छोटे-छोटे रिकामे चौकोन छापून आले. एका बाईच्या नावामागे तर दीड पान नुसते चौकोन. कागद फुकट गेला ह्याचं साहेबांना दुःख होतं. मी म्हणाले, दोन दिवस द्या.

मुलाखतीत एक गोष्ट मी सांगितली नाही. त्या सहा हजारांत एक नाव आमच्या घरातलं आहे. माझा धाकटा भाऊ, भोपू. तान्हा असताना असा काही रडायचा की गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं, म्हणून भोपू. अकरा वर्षांपूर्वी, बावीस वर्षांचा असताना, माझ्या खोलीतला बल्ब गेला म्हणून मी दोन दिवस त्याच्यामागे भुणभुण लावली होती. तो बल्ब आणायला गेला, तो गेलाच. पायात घरातल्या चपला होत्या.

५ मार्च, मंगळवार

दिवस कसा गेला कळलं नाही. असल्या कामात मी तहान-भूक विसरते.

चौकोन दिसतो म्हणजे काय, तर यादीत एक अक्षर आहे, पण त्याचं चित्र स्क्रीनकडे नाही. मग स्क्रीन चौकोन काढून मोकळी होते. मी फॉन्ट बदलून पाहिला, तर चौकोनांच्या जागी प्रश्नचिन्हं आली. म्हणजे दोष दाखवण्यातला नाही, आत खरंच काहीतरी आहे. मग क्वेरीत, म्हणजे टेबलाला विचारायच्या प्रश्नात, नावाची लांबी विचारली. नऊ अक्षरांच्या नावाला मशीन चौदा म्हणतं. एका भाषेतली अक्षरं दुसऱ्या भाषेची समजून वाचली की असा घोटाळा होतो, पण मग नावाच्या पोटातली अक्षरंही बिघडली असती. इथे नाव स्वच्छ आहे, सगळं लटांबर शेवटी. साधी मोकळी जागाही नाही, तिचा कोड, म्हणजे अक्षराचा आतला क्रमांक, मला पाठ आहे. हा कोड मी कुठल्याच तक्त्यात पाहिलेला नाही. कुठे एकच चौकोन, कुठे तीन, कुठे शेकड्यांनी, आणि कित्येकांमागे एकही नाही.

साहेबांनी दोनदा पेपरमिंट दिलं.

६ मार्च, बुधवार

कोडं सुटलं, आणि सोडवलं फोनताईंनी, विणता विणता.

जुन्या प्रोग्रामात घरच्यांचा पुन्हा फोन आला होता हे लिहायला जागाच नव्हती. हरवल्याची तारीख लिहा, सापडल्याची लिहा, मध्ये काही नाही. मास्तरांना ते खटकायचं. जुन्या कीबोर्डच्या उजव्या कडेला एक बिनकामाचं बटण होतं. कुणाचा फोन आला की ते ती नोंद उघडायचे आणि नावाच्या शेवटी जाऊन ते बटण एकदा दाबायचे. जुन्या स्क्रीनवर काही दिसायचं नाही, पण आत खूण बसायची. ताई त्यांची थट्टा करायच्या, की कोण बघणार आहे तुमच्या खुणा. ते म्हणायचे, आपल्याला माणूस शोधून देता येत नाही, निदान कुणीतरी विचारून गेलं एवढं तरी त्याच्या नावापुढे असावं.

दीड पानवाली बाई एका शिंप्याची बायको. तो सतरा वर्षं दर सोमवारी सकाळी फोन करतो. काही कळलं का विचारतो, नाही म्हटलं की बरं म्हणतो, ताईंच्या गुडघ्यांची चौकशी करतो आणि ठेवतो. ह्या सोमवारीही केला होता, मी तेव्हा वायरी जोडत होते. जानेवारीच्या छापील कागदावर मी त्याचे चौकोन मोजले. आठशे एक्क्याऐंशी. सतरा वर्षांचे सोमवार जवळजवळ तेवढेच होतात.

कागद हातात होताच. पान उलटलं आणि भोपूचं नाव समोर आलं. मागे दोनशे तेहेतीस चौकोन.

ते सगळे आईचे. ती सात वर्षं फोन करत होती, कधी आठवड्याला, कधी पंधरवड्याने, शेवटी दवाखान्यातूनसुद्धा. चार वर्षांपूर्वी ती गेली. मी एकदाही फोन केला नाही. विचारलं तर उत्तर येईल ह्याची भीती होती. पुढे पुढे मी त्याची आठवणही टाळायला लागले. आठवण आली की उठून काहीतरी पुसायला घ्यायचं, म्हणून तर माझं घर एवढं लखलखीत असतं.

७ मार्च, गुरुवार

आज धीर करून भोपूची नोंद स्क्रीनवर उघडली. खुणा दोनशे एकोणसाठ.

कागदावर माझं मोजायला चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. कागद दोनशे तेहेतीसच म्हणतो. मग शिंप्याच्या बायकोची नोंद पाहिली. तिथे दीड हजारावर. सोमवारी मी टेबल चालू केल्यापासून सगळ्या यादीत खुणा वाढल्यात.

कुणीतरी लिहितंय म्हणून शोधाशोध केली. आपोआप चालणारा एखादा प्रोग्राम असेल तर, नाही. दुसऱ्या कुठल्या मशीनवरून, तर ताईंच्या मशीनला ह्या टेबलात लिहायची परवानगीच नाही. मास्तरांचा कॉम्प्युटर अडगळीच्या खोलीत आहे, वायर गुंडाळून वर ठेवलेली. शेवटी मी टेबलाला कुलूप लावलं, फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही असं. जेवून आले. भोपू दोनशे चौसष्ट.

जेवताना त्याचीच आठवण येत होती. दुधावरची साय दिसली की तो नाक मुरडायचा आणि हळूच माझ्या पेल्यात सरकवायचा.

८ मार्च, शुक्रवार

वेडेपणा वाटेल, पण हे वहीत खरंखरं लिहायलाच हवं.

भोपूची नोंद उघडून स्वस्थ बसले. हजारापासून उलटे आकडे मोजले, मनात दुसरं काही येऊ दिलं नाही. क्वेरी चालवली, आकडा हलला नाही. मग मुद्दाम त्याला आठवलं. आंघोळ करताना तो शीळ घालायचा, आणि साबण डोळ्यांत गेला की शीळ मध्येच तुटायची. क्वेरी चालवली. एक वाढलेला. पुन्हा केलं, पुन्हा एक. चार वेळा करून पाहिलं.

आधी हसायला आलं, मग बाथरूममध्ये जाऊन रडले. खूप रडले. मला भीती अजिबात वाटली नाही. मास्तरांचा हात नाही, म्हणून टेबल आपणच खुणा ठेवतंय, एवढंच. कुठल्यातरी गावात कुणीतरी आपल्या माणसाला आठवतं आणि इथे एक चौकोन उमटतो. सहा हजार घरं जागी आहेत. आणि मी इतकी वर्षं स्वतःला दगड समजत होते, तर मीही त्यांच्यातलीच.

संध्याकाळी साहेबांना चौकोनांचं कारण सांगितलं, वाढण्याचं नाही. त्यांनी खण उघडला. मग म्हणाले की छापताना चौकोन लपवा, मूळ नोंदींना हात लावू नका, मास्तरांनी कधी लावू दिला नाही. आणि गोळी पुढे केली.

साहेब सज्जन आहेत, पण त्यांना ह्यातलं कळत नाही. नवी सिस्टीम नावाच्या शेवटची असली अनोळखी अक्षरं कापून टाकते. यादी हलवली की खुणा जाणारच. जपायच्या तर नीट जपायला हव्यात.

९ मार्च, शनिवार

आज ऑफिस अर्धा दिवस, खोलीत मी एकटीच. मनासारखं काम झालं.

टेबलात एक नवा कॉलम केला, ‘खुणा’. प्रत्येक नावामागचे चौकोन मोजून त्यात आकडा भरला. ताडून पाहिलं, एकही चूक नाही. मग बारा चाळीसला नावांच्या शेवटचे चौकोन पुसून टाकले. पुढे कुणी पुन्हा घाण करू नये म्हणून नियमही घातला, की नावाच्या शेवटी अनोळखी अक्षर चालणार नाही. एक वाजता बॅकअप घेतला. बॅकअपची जुनी प्रत कशाला अडगळ म्हणून एकच प्रत ठेवायची असं आधीच ठरवून दिलं होतं, तेव्हा कालची आपोआप गेली. जाताना मास्तरांच्या खुर्चीची गादी झटकली.

यादी काय देखणी दिसते आता. भोपू, नोंद क्रमांक ३१०७, खुणा दोनशे अठ्ठ्याऐंशी. ह्यापुढे आठवण आली की तो आकडा वाढेल. आईला दाखवायला हवं होतं.

१० मार्च, रविवार

घर आवरलं. शांत झोप लागली, कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी. दुपारी चपलांच्या दुकानातून नवी चप्पल आणली.

११ मार्च, सोमवार

शिंप्याचा फोन आला नाही.

फोनताईंचा चहा निवून गेला. सतरा वर्षांत आजारपणातले सोमवार सोडले तर खाडा नाही, म्हणून त्यांचा जीव खाली-वर होत होता. अकराला त्यांनीच त्याच्या दुकानात फोन लावला. मी शेजारी उभी होते, पलीकडे शिलाईचं मशीन चाललेलं ऐकू येत होतं. ताईंनी विचारलं, बरं नाही का. तो अगदी हसून म्हणाला की ठणठणीत आहे, आपण कोण बोलताय. ताईंनी खात्याचं नाव सांगितलं, त्याच्या बायकोचं नाव घेतलं. तो म्हणाला की बाई, काहीतरी गोंधळ होतोय, माझं लग्नच झालेलं नाही. मग कपडे शिवायचे असतील तर या म्हणाला.

ताईंनी फोन ठेवला आणि सुया उचलल्या, पण विणलं नाही. दिवसभरात फोन एकदाही वाजला नाही.

‘खुणा’ कॉलमातले आकडे शनिवारी होते तेवढेच आहेत. एकही वाढलेला नाही.

१२ मार्च, मंगळवार

यादीतून वाटेल त्या एकवीस घरांना फोन केले. एकवीसही माणसं नीट, सभ्यपणे बोलली. एक बाप म्हणाला, आम्हाला एकच मुलगी, ती इथे समोरच बसलीय. एका बाईने सांगितलं की असं कुणी नव्हतं, पण कुणाचं हरवलं असेल तर देव त्यांना बळ देवो. कुणाच्या आवाजात दुःख नव्हतं. सगळ्यांची झोप पुरी झाल्यासारखे आवाज. मला त्याचीच धडकी भरली.

लोखंडी कपाटात कार्डं असतात, क्रमांक आणि फोटो एवढंच, नाव-गाव सगळं कॉम्प्युटरात. शिंप्याच्या बायकोचं कार्ड काढलं. फोटो स्टुडिओतला आहे. मागे रंगवलेला पडदा, पुढे वेताची खुर्ची. खुर्चीवर कुणी नाही.

३१०७ चं कार्ड काढायला हात गेला नाही.

मला भोपू आठवतो. तो तान्हा असताना मोठ्याने रडायचा. साय माझ्या पेल्यात टाकायचा. शीळ घालायचा. आठवतो. रोज वहीत लिहिते म्हणून राहिला असेल कदाचित.

१३ मार्च, बुधवार

खुणा परत घालायचा प्रयत्न केला. माझ्याच नियमाने मला अडवलं. नियम काढला. कोड देऊन चौकोन घातला, तर तो आत जाईपर्यंत साधी मोकळी जागा झालेला. पुन्हा तेच. मास्तरांचा कीबोर्ड अडगळीतून आणून जोडला. उजव्या कडेचं ते बटण बोटाने घासून गुळगुळीत झालंय, वरची छपाई पार गेलीय. दाबलं. काही उमटलं नाही. दोनशे वेळा दाबलं.

मास्तरांच्या कॉम्प्युटरातली मूळ यादी नव्या मशीनवर घेतली त्याच दिवशी मी पुसली होती. बॅकअप उघडला. एक वाजताचा. स्वच्छ.

मी पुसलं आधी आणि प्रत घेतली नंतर. ह्या धंद्यातलं शेंबडं पोरही असं करत नाही.

दुपारी साहेबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. मग म्हणाले, आकडा ठेवलात ते चांगलं केलंत, पण मास्तर आकडे ठेवत नव्हते. ते प्रत्येक वेळी त्या माणसाच्या नावापाशी जात होते.

मी मोजलं आणि ज्याचं मोजलं ते टाकून दिलं. मला वाटलं होतं मी जपते आहे.

१४ मार्च, गुरुवार

नोंदी बंद व्हायला लागल्या. खात्याचा जुना नियम आहे, शोधणारं कुणी उरलं नाही की नोंद बंद. तीही मी आपोआप होईल अशी लावून दिलीय, आणि बंद झालेल्या नोंदीचं नाव राहत नाही, नुसता क्रमांक आणि खुणांचा आकडा राहतो. नीटनेटकेपणा. सकाळी सहा हजार होत्या, आत्ता चार हजार पन्नास. थांबवायचा प्रयत्न केला, थांबत नाही. जानेवारीच्या छापील कागदावरूनही बंद झालेल्यांची नावं गेलीत.

मावशीला फोन केला. आईची बहीण, मला तीच एक उरलीय. भोपूबद्दल विचारलं. तिला वाटलं मी कुत्र्याबद्दल बोलतेय. मग जवळ घेऊन बोलावं तशी म्हणाली, अगं, तू एकुलती एक. दुसरं मूल झालं नाही म्हणून तुझी आई जन्मभर झुरली. तू दमलीयेस, चार दिवस माझ्याकडे ये.

आईच्या पेटीतले कागद घरी आहेत. शाळेचे दाखले एका पिशवीत असायचे. पिशवीत माझेच आहेत.

घरी येऊन वहीची मागची पानं वाचली. चार मार्चला बल्बचं लिहिलंय. तो बल्ब आणायला गेला होता. मला ते आठवत नाही — वाचलं म्हणून कळलं. अक्षर माझंच आहे.

१५ मार्च, शुक्रवार

३१०७ चं कार्ड काढलं.

फोटोत मी आहे, पंचविशीतली, आमच्या दारात. हसतेय. उजवा हात बाजूला उचललेला, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा. खाली खांदा नाही. हात तसाच हवेत — आणि किती निवांत ठेवलाय, जसं काही खाली आधार आहेच.

किती उंच होता ते त्यावरून कळतं. माझ्या कानाएवढा.

फोटो पिशवीत घालून घरी आणला. चोरी म्हणा.

१६ मार्च, शनिवार

कागदावर लिहून आरशाला चिकटवलं. मला भाऊ होता. त्याला भोपू म्हणायचे. धाकटा. साय. शीळ. कानाएवढा उंच.

सकाळी वाचलं. दुपारी वाचलं. कुणीतरी सांगितलेली गोष्ट वाचावी तसं वाटलं. शीळ कुठल्या गाण्याची होती — लिहून का नाही ठेवलं.

त्रास होत नाहीये. भूक लागते, झोप लागते. आज दोनदा स्वतःशी गुणगुणले. रडू येत नाही ह्याची इतकी भीती कधी वाटली नव्हती. मला ते दुःख परत हवंय. अकरा वर्षं नको होतं, आता — माझं होतं ते.

१७ मार्च, रविवार

कागद आरशावरून कुणी काढला? मीच काढला असणार. काच पुसलेली आहे.

पुन्हा लिहून लावला. वहीतून उतरवला.

१८ मार्च, सोमवार

ऑफिसात गेले नाही. ताईंचा फोन आला होता. त्या म्हणाल्या की फोन मुळीच वाजत नाही, खातं बंद करायचं म्हणतात, कुणी हरवतच नाही तर — आणि हसल्या. शिंप्याचं विचारलं. कोण शिंपी, म्हणाल्या.

टेबल घरून उघडलं. उरलेल्या नोंदी, एक. ३१०७.

म्हणजे अजून — कुणीतरी शोधतंय. मी शोधतेय. मी आहे म्हणून ती उघडी आहे. नाव पाहायला खाली गेले तर

नाव वाचेपर्यंत नोंद बंद झाली. ३१०७, २८८. एवढंच.

मी वाचलं होतं. नाव होतं तिथे. तीन अक्षरी. की चार.

१९ मार्च, मंगळवार, दुपार

एक सुचलंय. फोन करायचा. आई करायची तसा. मी कधीच केला नाही, अकरा वर्षांत एकदाही नाही — वहीत लिहिलंय तसं. नोंद नव्याने घालायची. ताई लिहून घेतील. उघडी नोंद एक तरी राहील, आणि मग मी रोज फोन करीन, रोज, ताईंना कंटाळा येईल इतका.

वही समोर ठेवलीय. सगळं त्यातूनच सांगायचं. घाई नको.

लागला फोन. ताईंना माझा आवाज ओळखू आला, आनंद झाला. मी म्हणाले, नोंद करायचीय. त्यांना नवल वाटलं, मग कागद शोधला. कोण हरवलंय विचारलं. भाऊ म्हणाले. नीट म्हणाले, आवाज कापला नाही. वय — बावीस अधिक अकरा, तेहेतीस. उंची सांगितली. पायात घरातल्या चपला, सांगितलं. ताई लिहितायत, पेनचा आवाज येतोय, आणि माझ्या छातीत काहीतरी दुखायला लागलंय, थोडंसं, जुनं — राहू दे, दुखू दे —

नाव विचारतायत. भोपू म्हणाले. ताई म्हणाल्या, हे लाडाचं झालं, नोंदीला पूर्ण नाव लागतं.

पानं उलटतेय. पहिल्यापासून. भोपू. भोपू. धाकटा. भोपू. कुठेच नाही — एकदाही नाही लिहिलं, मला कशाला लिहावं लागेल, माझाच तर —

ताई थांबल्यात. सावकाश आठव म्हणतात, मला दुसरा फोन यायचा नाहीये. किती प्रेमाने म्हणतात. माझ्या भावाचं नाव